अभावाचा रकाना

जगातील वस्तूंचे जे वर्ग आपण मानतो ते त्या वस्तूंच्या ठायी मुळातच वसत असतात, की आपल्या व्यवहाराच्या सोयीसाठी आपणच ते त्यांच्यावर आरोपित करतो, हा प्रश्न भारतीय दर्शनांत शतकानुशतके चर्चिला गेला आणि त्याच्या निर्णयासाठी नैयायिक, मीमांसक, बौद्ध व जैन या सर्वांनी आपापली बुद्धी पणाला लावली. पाठशाळांतून तो वाद आज उठून गेल्यासारखा दिसत असला तरी तो मिटलेला मात्र नाही. तो किती निकडीने नव्याने उभा राहतो हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने संगणकावर चालणाऱ्या लिलावांकडे, आणि त्यातही गेल्या अर्धशतकात अमेरिकेत जन्मास आलेल्या भूमिकांच्या खेळांचा संग्रह करणाऱ्यांच्या लिलावांकडे, थोडा वेळ लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते.

या खेळांत चारसहा जण एका मेजाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण कथानकाचे सूत्र हाती घेतो, बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशा भूमिका स्वीकारून आपण पुढे काय करणार ते सांगतात, आणि जेथे यशापयशाचा निवाडा करावयाचा तेथे फासे टाकले जातात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या कुळातील पहिला प्रकाशित खेळ १९७४ च्या आरंभी विस्कॉन्सिन संस्थानातील लेक जिनिव्हा या लहानशा गावी टॅक्टिकल स्टडीज रूल्स, म्हणजेच टीएसआर, या घरगुती मंडळीने विक्रीस काढला. लाकडाच्या रेषांचा भास होईल असा कागद डकवलेल्या पेटीत तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, आणि पहिल्या मुद्रणाच्या प्रती अवघ्या एक हजार. पुढे १९९५ च्या सप्टेंबरात पिएर ओमिडयार याने कॅलिफोर्नियात ऑक्शनवेब या नावाने जो लिलाव सुरू केला आणि ज्याला आज जग ईबे म्हणून ओळखते, त्यात घरोघरच्या माळ्यांवर धूळ खात पडलेल्या या पेट्या हळूहळू येऊ लागल्या. आणि त्या येऊ लागताच त्यांना कोठल्या सदराखाली दाखल करावयाचे हा प्रश्न आला.

हा प्रश्न कारकुनी वाटतो, पण तसा तो नाही. लिलावातील वर्गांची रचना बहुधा वृक्षासारखी असते: एका मोठ्या शाखेतून उपशाखा, तिच्यातून आणखी लहान फांद्या, आणि शेवटच्या फांदीवर ती वस्तू. एकच पुस्तक एकाच वेळी दोन फांद्यांवर सहसा बसत नाही, कारण विक्रेता आपला माल बहुधा एकाच सदरी मांडतो. मग हे नियमांचे पुस्तक ग्रंथांच्या खात्यात जावे की खेळण्यांच्या? मेल्विल डेव्हीने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीत या खेळांना आज ७९३.९३ हा क्रमांक मिळतो, म्हणजे ग्रंथपालांनी त्यांना क्रीडांमध्ये बसवले आहे. परंतु ग्रंथपालाच्या कपाटात वस्तू ज्ञानासाठी ठेवलेली असते, आणि लिलावात ती एका अनोळखी माणसाच्या हातून दुसऱ्या अनोळखी माणसाच्या हाती, रोख रकमेच्या बदल्यात, जावयाची असते. तेथे वर्ग चुकला तर योग्य गिऱ्हाइकाला ती वस्तू दिसतच नाही, आणि अयोग्य गिऱ्हाईक भलत्याच समजुतीने बोली लावून बसते.

या संकटाचे शास्त्रशुद्ध निदान दहाव्या शतकात मिथिलेच्या उदयनाचार्यांनी करून ठेवले आहे. ‘किरणावली’त त्यांनी असे सहा दोष सांगितले की ज्यांपैकी एकही असेल तर तो धर्म खरी जाती, म्हणजे वस्तूत मुळातच वसणारा वर्ग, ठरत नाही, केवळ उपाधी, म्हणजे बाहेरून आरोपित केलेली खूण, ठरतो, आणि त्यांतील एक दोष म्हणजे संकर. त्यांच्या संप्रदायाचे नेहमीचे उदाहरण भूतत्व, म्हणजे महाभूत असणे, आणि मूर्तत्व, म्हणजे मर्यादित परिमाणाचे असणे, यांचे आहे. पृथ्वी, जल, तेज आणि वायू ही चारही द्रव्ये भूतेही आहेत आणि मूर्तही आहेत. आकाश भूत आहे पण मूर्त नाही. मन मूर्त आहे पण भूत नाही. दोन धर्म काही ठिकाणी एकत्र नांदतात आणि काही ठिकाणी एकमेकांना सोडून राहतात, आणि कोणताही एक दुसऱ्याच्या पोटात पूर्णपणे मावत नाही. म्हणून त्यांना जाती म्हणता येत नाही. मुंबईत १८९७ साली आठल्ये आणि बोडस यांच्या परिश्रमाने ‘तर्कसंग्रहा’ची जी टीपायुक्त आवृत्ती निघाली तिच्या आधारे न्यायाचे पहिले पाठ गिरवणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण शुष्क वाटले असेल, परंतु लिलावाच्या वृक्षापुढे उभे राहिले की त्यात प्राण येतो.

कारण तेथे दोन सदरे हटकून आढळतात: एक खेळाच्या नावाचे, दुसरे प्रकाशकाच्या नावाचे. १९७७ साली निघालेले ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ हे डंजन्स अँड ड्रॅगन्सचेही आहे आणि टीएसआरचेही आहे. १९७८ चा ‘गॅमा वर्ल्ड’ टीएसआरचा आहे, पण डंजन्स अँड ड्रॅगन्स नव्हे. प्रलयानंतरच्या पृथ्वीचा तो निराळाच खेळ आहे. उलट इलिनॉयमधील डिकेटर गावच्या जजेस गिल्डने टीएसआरच्या अनुमतीने जे नकाशे आणि जी साहसे छापली ती डंजन्स अँड ड्रॅगन्सची असूनही टीएसआरची नाहीत. ‘मॉन्स्टर मॅन्युअल’च्या जागी पृथ्वी ठेवा, ‘गॅमा वर्ल्ड’च्या जागी आकाश आणि जजेस गिल्डच्या नकाशांच्या जागी मन ठेवा, उदयनाचार्यांचा संकर तंतोतंत उतरतो. म्हणजे खेळाचे सदर आणि प्रकाशकाचे सदर यांपैकी कोणतेही वस्तुस्वभावातून उगवलेले नाही. दोन्ही उपाधी आहेत आणि दोघींना एकाच वृक्षावर एकीखाली दुसरी अशी बसवू पाहणाऱ्याला कोठे ना कोठे खोटे लिहावेच लागते. काही नव्य नैयायिकांनी संकराला दोष मानण्याचेच नाकारले, हे खरे. पण त्यांची ती उदारता वृक्षाकृती खतावणीच्या कामी येत नाही; ती खतावणी संकर सहनच करू शकत नाही.

वर्ग वस्तूत असतो की माणसाच्या मनात, हा प्रश्न निरुपद्रवी नाही, आणि महाराष्ट्रात लिहिणाऱ्याने तरी तो तसा समजू नये. ब्राह्मणत्व ही जाती गाईच्या गोत्वाप्रमाणे प्रत्यक्षानेच कळते असे मीमांसक कुमारिलांच्या परंपरेने प्रतिपादिले, आणि ते खोडून काढण्यासाठी बौद्ध नैयायिकांनी व ‘प्रमेयकमलमार्तंड’कार प्रभाचंद्रासारख्या जैन आचार्यांनी आपली लेखणी झिजवली. माणसांनी पाडलेले भेद निसर्गाच्या नावावर खपवले की त्यांच्याविरुद्ध दाद मागण्याची जागाच उरत नाही, हे त्या आचार्यांनी ओळखले होते. जुन्या खेळांच्या पेट्यांवर अन्याय झाला तर कोणाच्या जिवावर बेतत नाही. तरीही तेथे काम करणारी मनाची सवय तीच असते, आणि ती क्षुल्लक वस्तूंच्या बाबतीत दुरुस्त करता आली तर मोठ्या बाबतींत दुरुस्त होण्याची आशा धरता येते. म्हणूनच मी या विषयाला क्षुल्लक समजत नाही.

वर्ग प्रत्यक्षात काम कसे करतो याविषयी मला बौद्ध नैयायिक दिङ्नागाचा पक्ष बलवत्तर वाटतो. ‘गाय’ या शब्दाने कोणतेही गोत्व हाती लागत नाही, जे गाय नाही त्याची व्यावृत्ती तेवढी होते, हा त्याचा अपोहवाद. लिलावात शोध घेणारा संग्राहक असेच वागतो. १९८४ साली ‘ड्रॅगनलान्स’ या नावाने टीएसआरने खेळण्याची मॉड्यूले, म्हणजे तयार साहसांच्या पुस्तिका, काढली आणि त्याच वर्षी मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन यांच्या त्याच नावाच्या कादंबऱ्याही सुरू केल्या. नाव एक, जग एक, पात्रेही तीच. ज्याला मॉड्यूल हवे आहे तो त्या सदराकडून एवढीच अपेक्षा करतो की कादंबऱ्या तेथून हटवलेल्या असाव्यात. १९९३ साली ‘मॅजिक: द गॅदरिंग’ आल्यावर संग्राह्य पत्त्यांचा जो महापूर लोटला त्यातून भूमिकांचे खेळ वेगळे काढणे हेही व्यावृत्तीचेच काम होते. वर्गाच्या आत काय आहे यापेक्षा वर्गाने काय बाहेर ठेवले आहे यावर त्याची उपयुक्तता ठरते, हे बौद्धांचे म्हणणे बाजाराने शब्दशः खरे करून दाखवले आहे.

मात्र एवढ्यावरून वर्ग ही नुसती मर्जीची बाब ठरते असे जर कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. सदर माणसाने केले म्हणून ते वस्तूला उत्तरदायी नाही, असे होत नाही. पहिल्या पेटीतील पुस्तिकांत हॉबिट, एंट आणि बॅलरॉग ही टॉल्किनच्या कथांतील नावे होती; हक्कांविषयी हरकत आल्यावर नंतरच्या मुद्रणांतून ती काढण्यात आली. पेटीवरचे नाव तेच, लेखक तेच. पण ती नावे एका पानावर आहेत आणि दुसऱ्यावर नाहीत, ही गोष्ट कोणाच्या सोयीची नाही आणि कोणाच्या गैरसोयीचीही नाही. ती आहे. वर्ग सत्य नसला तरी तो खोटा असू शकतो, आणि खोटा असू शकतो म्हणूनच तो करणाऱ्यावर जबाबदारी येते. ही जबाबदारी जेथे सर्वांत अधिक चुकते ती जागा, माझ्या निरीक्षणाप्रमाणे, वस्तूत काय आहे हे सांगण्याची नसून काय नाही हे सांगण्याची आहे.

वैशेषिकांच्या पदार्थगणनेत द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय या सहांनंतर उत्तरकाळी अभावाची सातवा पदार्थ म्हणून भर पडली. नसणे हाही पदार्थ, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. लिलावाच्या नोंदी वाचणाऱ्याला ते वाटणार नाही, कारण तेथे अर्धा मजकूर अभावाचाच असतो: फासे नाहीत, नकाशा नाही, मागचे आवरण नाही. वैशेषिकांनी येथे न थांबता अभावाचेही भेद केले: जे अजून उपजलेच नाही त्याचा प्रागभाव, जे होते पण नष्ट झाले त्याचा प्रध्वंसाभाव, जे तेथे कधीच नव्हते त्याचा अत्यंताभाव; आणि हे भेद न कळल्यामुळेच लिलावात नित्य अन्याय होतो.

१९७७ साली जे. एरिक होम्स याने नवशिक्यांसाठी संपादित केलेली जी पेटी टीएसआरने काढली तिचेच पाहा. झाकणावर डेव्हिड सदरलँडचे चित्र: द्रव्याच्या राशीवर बसलेला अजस्र ड्रॅगन, त्याच्यासमोर धनुष्य ओढलेला योद्धा आणि कांडी उगारलेला मांत्रिक. आत अठ्ठेचाळीस पृष्ठांचे निळ्या वेष्टनाचे नियमपुस्तक, काही पूरक साहित्य आणि निरनिराळ्या पैलूंचे फासे. परंतु १९७९ च्या सुमारास फाशांचा पुरवठा कमी पडला, तेव्हा टीएसआरने पेटीत फाशांऐवजी आकडे छापलेल्या चौकोनी तुकड्यांचा एक ताव घातला. ते तुकडे कापून पेल्यात टाकावयाचे आणि न पाहता एकेक काढावयाचा, एवढीच त्यांची योजना. आता अशी एक पेटी विक्रीस येते, विक्रेता आत पाहतो, फासे दिसत नाहीत, आणि तो प्रामाणिकपणे लिहितो की संच अपूर्ण आहे, फासे हरवले आहेत. पण जे त्या पेटीत कधी घातलेच नव्हते ते हरवणार कसे? हा प्रध्वंसाभाव नव्हे. त्या पेटीपुरता तो फाशांचा अत्यंताभाव आहे. आणि त्याच पेटीतील आकड्यांचा ताव, जो क्षुल्लक पुठ्ठा समजून कोणी फेकून दिला असेल, त्याचे नसणे हाच तेथील खरा प्रध्वंस. एकाच रिकाम्या जागेकडे पाहून दोन माणसे ‘नाही’ म्हणतात. एकाचे बोलणे सत्य असते आणि दुसऱ्याचे असत्य.

हीच गोष्ट ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकाच्या बाबतीत अधिक गंभीर होते, आणि तेथे मला थोडे थांबावेसे वाटते. जेम्स वॉर्ड आणि रॉबर्ट कुंट्झ यांच्या या १९८० च्या पुस्तकात जगातील नाना दैवतसमूह खेळासाठी मांडलेले आहेत. लव्हक्राफ्टच्या कथांतील कथुल्हूचा आणि मूरकॉकच्या मेल्निबोनेचा असे दोन समूह आरंभीच्या प्रतींत होते, पुढे ते गाळले गेले, आणि एकशे चव्वेचाळीस पृष्ठांचे पुस्तक एकशे अठ्ठावीसांवर आले. संग्राहकांचे सारे लक्ष त्या सोळा पृष्ठांवर खिळलेले असते. एकशे अठ्ठावीस पृष्ठांच्या प्रतीतून काहीही फाटलेले नाही. ती जन्मतःच तशी आहे. एकशे चव्वेचाळीसांच्या प्रतीतून एक पान जरी गेले तरी ती खंडित आहे. नोंदीत ‘संपूर्ण’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला जातो आणि गिऱ्हाईक फसते.

परंतु भारतीय वाचकाची नजर त्या पुस्तकातील दुसऱ्याच प्रकरणाकडे जाईल. त्यात इंद्र आहे, अग्नी आहे, वरुण, यम, काली आणि विष्णूही आहे, आणि प्रत्येकापुढे किती घाव सोसल्यावर तो पडेल याचा आकडा आहे. डेव्हीच्या पद्धतीत हिंदू धर्माला २९४.५ हा क्रमांक आहे. तरीही हे पुस्तक कोणी तेथे ठेवणार नाही, आणि ते योग्यच आहे. मला त्या आकड्यांचा राग येत नाही. ज्या परंपरेने सगुणाला निर्गुणाचे उपाधियुक्त रूप मानले, तिला आणखी एक उपाधी पाहून घाबरण्याचे कारण नाही. आणि लेखकांनी ग्रीक, नॉर्स व ईजिप्शियन देवांनाही त्याच मापाने मोजले आहे. माझी हरकत आहे ती वर्ग करणाऱ्याच्या एका मौनाला. कथुल्हू आणि मेल्निबोने या दोन कल्पित दैवतसमूहांचा नोंदीत नावानिशी उल्लेख होतो, कारण त्यांच्या असण्यानसण्याने किंमत बदलते. ज्यांची आजही कोट्यवधी माणसे पूजा करतात त्या देवांचा उल्लेखही होत नाही, कारण ते सर्व प्रतींत आहेत. बाजाराला फक्त भेद दिसतो, आणि जे सर्वत्र समान आहे ते त्याला अदृश्य होते. हा कोणाचा दुष्टपणा नव्हे. अपोहावर चाललेल्या व्यवहाराची ती मर्यादा आहे. म्हणून किमतीच्या सदरावरून कोणत्याही ग्रंथाचा आशय ओळखू नये.

अभाव कळतो कसा, याविषयी भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले आणि त्याला एक अट घातली: वस्तू असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही असे म्हणता येत नाही. लिलावातील छायाचित्रांना ही अट लावून पाहावी. पेटीचे केवळ झाकण टिपलेले असताना नकाशा दिसत नाही यावरून नकाशा नाही असे ठरत नाही, आणि आहे असेही ठरत नाही. आत काय आहे ते सर्व एका मेजावर सुटे मांडून वरून घेतलेले छायाचित्र असेल तरच त्यातले न दिसणे हे नसण्याचे प्रमाण होईल. प्लास्टिकच्या आवरणात मोहरबंद राहिलेल्या पेट्या सर्वांत मोठ्या बोलीस जातात. तेथे तर सगळा व्यवहार अनुमानावर असतो, आणि अनुमानाचा हेतू, म्हणजे ती मोहर कारखान्याचीच आहे की मागाहून कोणी लावली, हाच संशयास्पद असू शकतो.

अवयवींचा, म्हणजे भागांनी बनलेल्या पूर्ण वस्तूंचा, प्रश्न मी थोडक्यात सांगतो. वस्त्रातून एक तंतू काढला की जुने वस्त्र नष्ट होऊन खंडपट नावाचे दुसरे वस्त्र उत्पन्न होते, असे नैयायिक म्हणतात. रथ म्हणजे चाके, आस आणि दांडी यांहून निराळे काही नाही, असे ‘मिलिंदप्रश्ना’त बौद्ध भिक्षू नागसेन म्हणतो. तीन निरनिराळ्या घरांतून आलेले झाकण, पुस्तिका आणि फासे जमवून संच पूर्ण करणारे पुष्कळ आहेत. नागसेनाच्या मते त्यात वावगे काहीच नाही. नैयायिकाच्या मते ती वेगळीच वस्तू आहे. येथे मी नैयायिकाच्या बाजूचा आहे, कारण संग्राहक वस्तूच्या घटकांची नव्हे तर तिच्या इतिहासाची किंमत देतो आणि जमवलेल्या संचाला तो इतिहास नसतो. असा संच विकावा, पण जमवलेला म्हणून विकावा.

मग तजवीज काय करावी? वृक्ष टाकून द्यावा, हे पहिले. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ साली मद्रासहून आपले द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध करून दाखवून दिले की विषयाला एका फांदीवर टांगण्याची गरज नाही. त्याचे व्यक्तित्व, द्रव्य, शक्ती, देश आणि काल असे पैलू स्वतंत्रपणे नोंदवून ते जोडता येतात. खेळ, प्रकाशक, मुद्रण, वस्तूचा प्रकार हे चार पैलू निरनिराळ्या रकान्यांत लिहिले की उदयनाचार्यांचा संकर बाधक होत नाही, कारण कोणत्याही उपाधीला जाती म्हणून मिरवावे लागत नाही. आज बहुतेक लिलावांत असे रकाने आहेतही. विक्रेते ते रिकामे सोडतात, हा दोष रकान्यांचा नाही.

परंतु त्या रकान्यांत एक अद्याप नाही, आणि तो असावा अशी माझी आग्रहाची मागणी आहे: अभावाचा. ‘संपूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ असा एका शब्दाचा नव्हे, तर तीन कलमांचा. या मुद्रणात मुळातच काय नव्हते. होते पण आता काय गेले आहे. आणि काय अजून घडलेले नाही, म्हणजे पात्रांचे तक्ते कोरे आहेत की नाहीत, आकड्यांचा ताव न कापलेला आहे की नाही. यांतील तिसरा प्रागभाव आहे आणि संग्राहक त्यासाठीच सर्वांत जास्त दाम मोजतात, तरी त्याला आज नोंदीत जागा नाही. ज्या वाचकांचे आप्त परदेशी असतील आणि ज्यांच्या घरी अशी एखादी जुनी पेटी निघेल, त्यांना माझी विनंती एवढीच की बोली मागवण्यापूर्वी पुस्तकाची पृष्ठे मोजावीत, मुद्रणाचा क्रम आतल्या पानावर पाहावा, आणि जे सापडत नाही ते त्या मुद्रणात कधी होते की नव्हते याची खात्री झाल्याशिवाय ‘हरवले’ असे लिहू नये.